फळकुटांचा तिरंगा

मैथिलीताईंनी कार्ड पुढं धरलं तेव्हा स्नेहलचे हात कोपरापर्यंत भुशानं माखलेले होते, म्हणून तिनं ते हातात न घेता वाकून वाचलं. जाड भुऱ्या कागदाचं, तळहाताएवढं कार्ड. कोपऱ्यात सुतळी ओवायला भोक. 'एका वीरपत्नीच्या हातून, तुमच्या घरासाठी.' खाली मैथिलीताईंच्या दुकानाचं नाव आणि नंबर. "कसं वाटतंय?" मैथिलीताईंनी विचारलं. "प्रत्येक पीसला एक बांधायचं. लोकांना नुसती वस्तू नको असते गं, वस्तूमागचं माणूस लागतं." स्नेहल म्हणाली, "बरं हाय की." आणि पॉलिश पेपर पुन्हा फळीवर टेकवला. हात पुढं-मागं फिरू लागला. हिरव्या पट्टीचा वरचा रंग गेला, खालचं पिवळट लाकूड दिसू लागलं, तिथंच थांबायचं होतं. पण हात थांबेना. कानात नुसती घासण्याची खरखर, आणि त्या खरखरीच्या आत तो एक शब्द, पुन्हा पुन्हा, जणू कुणी तो लाकडातच दडवला होता आणि आता तो वर येत होता. "अगं पुरे, गेला की सगळा," असं मैथिलीताई म्हणाल्या तेव्हा तिला दिसलं, की हिरवी पट्टी निम्मी उडाली आहे.

शाहूपुरीतल्या त्या दुकानामागं पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये उद्यमनगरातल्या कारखान्यांतून आणलेल्या लाकडी पेट्यांचा ढीग. परगावाहून मशिनी यायच्या त्या या पेट्यांतून. मशीन बाहेर निघालं की पेटी कारखान्याच्या भिंतीला पावसात पडून राहायची, नाहीतर वॉचमन ती चुलीला न्यायचा. मैथिलीताई आता त्या टेम्पोनं उचलून आणत. स्नेहल पकडीनं खिळे उपटायची, फळ्या सारख्या लांबीच्या कापायची, शेजारी शेजारी मांडून मागून दोन पट्ट्या ठोकायची, आणि मग केशरी, पांढरा, हिरवा. रंग वाळला की खरं काम सुरू व्हायचं, कारण लोकांना नवं नको होतं, जुनं वाटेल असं नवं पाहिजे होतं. मैथिलीताई त्याला रस्टिक म्हणत. सायकलच्या चेननं फळीला मारून वण पाडायचे, कडा घासून उडवायच्या, चहाच्या पाण्याचा बोळा फिरवायचा. खिळ्यांची भोकं बुजवायची नाहीत, ती तर हवीतच. कुणी ते दारावर लावायचं, कुणी खाली हुक मारून किल्ल्या अडकवायला, कुणी टीव्हीच्या वर. स्वस्तात घर सजायचं. फक्त पांढऱ्या पट्टीवर चक्र काढायचं नाही, असं मैथिलीताईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "चक्र काढलं की तो झेंडा झाला, मग त्याचे नियम आले. आपल्याला डेकोर करायचंय." स्नेहलला ते लगेच पटलं होतं. नियम काय असतात ते तिला कुणी सांगायला नको होतं.

गाव सोडून लेकीला घेऊन शहरात आल्यावर नोकरी मागायला ती या दुकानात आली तेव्हा मैथिलीताईंनी विचारलं होतं, मिस्टर काय करतात. "मिलिटरीत होते," ती म्हणाली होती. "ड्युटीवर असताना गेले." यातला शब्द न् शब्द खरा होता. मैथिलीताईंचे डोळे एकदम खाली गेले, त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढं काही विचारलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचा चहा स्टीलच्या पेल्याऐवजी कपबशीतून येऊ लागला. ती न विचारलेली गोष्ट म्हणजे दमलेल्या माणसापुढं कुणीतरी टाकलेली बाज होती. स्नेहल तिच्यावर जरा टेकली, आणि मग उठायचं राहूनच गेलं. आज त्या बाजेवर कार्ड येऊन पडलं होतं. वीरपत्नी. हा शब्द तिला यापूर्वी एकदाच मिळाला होता, दीड दिवसापुरता, आणि परत घेतला गेला होता.

नेसरीजवळच्या त्यांच्या वाडीत पहिला फोन आला तेव्हा एवढंच कळलं होतं, की जोतीराम पोस्टवर गोळी लागून गेला. गोळी लागून. या दोन शब्दांवर वाडीनं दीड दिवस काढला. पोरांनी चौकात फ्लेक्स लावला, जोतीरामचा वर्दीतला फोटो माणसापेक्षा उंच केलेला, त्यामुळं त्याच्या कपाळावरचा लहानपणीचा व्रण हाताएवढा दिसत होता. रस्त्यावर पाणी मारलं. ओढ्याकाठी फळ्या ठोकून चौथरा बांधायला घेतला, त्याचे हातोडे घरात ऐकू येत. शाळेची पोरं कागदी झेंडे घेऊन दोन्ही बाजूंनी उभी केली. तिच्याभोवती बायका बसल्या होत्या, आणि चुलतसासू अंबूबाई तिची पाठ चोळत म्हणत होती, "रडू नगंस. वीराची बायकू हाईस तू." आणि खरंच त्या दीड दिवसात तिच्या छातीत रडण्याच्या खाली एक कडक, उभी अशी काही वस्तू तयार झाली होती, तिच्या आधारानं ती बसून होती. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा फोन आला. तो कुणी घेतला ते तिला कळलं नाही. हातोडे थांबले एवढं कळलं. मग खिडकीतून दिसलं, ज्या पोरांनी फ्लेक्स लावला तीच पोरं तो उतरवत होती. त्यांनी घाई केली नाही, दंगा केला नाही. फोटो आत जाईल अशी घडी घातली आणि ती काखेत मारून निघून गेली. शाळेच्या पोरांना घरी सोडलं. त्यांना काय झालं ते कुणी सांगितलं नव्हतं, ती झेंडे हलवतच पांगली. संध्याकाळी गाडी आली. बरोबर दोन जवान आणि एक वयस्क सुभेदार. सासरे ज्ञानू मागच्या वाटेनं शाळेत जाऊन झेंडा घेऊन आले होते, छातीशी धरून. त्यांनी तो उलगडायला घेतला तेव्हा सुभेदार पुढं झाला आणि अगदी हळू म्हणाला, "काका, नको. माझ्या हातात नाही ते." ज्ञानूंनी त्याच्याकडं बघितलं, झेंड्याकडं बघितलं, घडी घातली. अर्धवट चौथऱ्यावर गेलेच नाहीत, शेताच्या बांधाला सगळं उरकलं. तेराव्याच्या आधीच अंबूबाई पुन्हा येऊन पाठीशी बसली होती, तसाच हात फिरवत, आणि कानाशी तोंड आणून तिनं विचारलं होतं, "खरं सांग, दोघांत काय वाजलं व्हतं का?"

काही वाजलं नव्हतं. हेच तर ती आठ वर्षं धरून होती, आणि त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. शेवटच्या सुट्टीत त्यानं गोठ्याची दावण नीट केली, परसातलं कुंपण ओढलं, दुपारी खूप झोपला. एक दिवस तिला गाडीवर मागं बसवून गगनबावड्याला घेऊन गेला. वर घाटात इतकं धुकं होतं, की गाडी उभी केल्यावर दोघांना एकमेकांचे चेहरे ओले, पांढरे, अर्धे दिसत होते. तो कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत राहिला, खाली काहीच नव्हतं. "इथं बरं वाटतंय बघ," तो म्हणाला. "काय दिसत न्हाई." ती हसली होती. म्हणाली होती, लोक बघायला येतात आणि तुम्ही न दिसायला आलाय. मग तोही हसला, आणि त्यांनी टपरीवर भजी खाल्ली, त्याच्या मिशीत धुक्याचे थेंब अडकले होते. ते वाक्य तिनं नंतर इतक्या वेळा उलटून पालटून बघितलं, की त्याचा आवाजही आता त्याच्या आवाजासारखा राहिला नव्हता. त्यात काही होतं का, की घाटावर आलेल्या कुठल्याही माणसानं म्हणावं असं ते होतं, हे आता कधी कळणार नव्हतं. माणूस गेला की त्याची साधी वाक्यंही साधी राहत नाहीत.

शेडमधून ती घरी निघाली तेव्हा एक कार्ड कसं कोण जाणे तिच्या पिशवीत आलं होतं. मागच्या गल्लीतल्या त्यांच्या एका खोलीत ते तिच्या लेकीला, तेजस्वीला सापडलं. तेजस्वी सहावीत होती, पिशवी उघडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिनं ते मोठ्यानं वाचलं, मग भिंतीवरच्या वर्दीतल्या फोटोकडं बघितलं. "मम्मी, हे तू?" स्नेहल भाकरी थापत होती. "मग पप्पा शहीद?" पोरीच्या आवाजात जे उजळलं होतं ते स्नेहलनं यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. पप्पा ड्युटीवर वारले, एवढंच तिला माहीत होतं. तेवढ्यावर ती आजवर राहिली, जसं एखादं पोर मापापेक्षा लहान चपलेत पाय आखडून चालतं. "जेव आधी," स्नेहल म्हणाली. हो म्हटलं नाही, की नाहीही म्हटलं नाही. तेजस्वीनं कार्ड कंपासपेटीत ठेवलं, आणि जेवताना दोनदा पेटी उघडून बघितली.

आठवडाभरात शाळेतून फोन आला. वर्गशिक्षिका म्हणत होत्या, आम्हाला तेजस्वीनं सांगितलं, इतकी वर्षं आम्हाला माहीतच नाही, किती साधेपणानं राहता तुम्ही. तर मोठ्या बाईंची इच्छा आहे, पंधरा ऑगस्टचं ध्वजारोहण तुमच्या हस्ते. स्नेहलनं "सांगते" म्हटलं. आणि पुढचे दोन दिवस ती जणू होकार दिलाच आहे अशी राहिली. हे तिला नंतर आठवलं तेव्हा कानशिलं तापली, पण त्या दोन दिवसांत तसं काहीच वाटलं नाही. तिनं पेटीच्या तळातली मोतिया रंगाची साडी वाऱ्यावर टाकली. शेडमध्ये फळ्या रंगवताना तिच्या तळव्यांना दोरीचा खरबरीत स्पर्श जाणवत होता, ओढायची ती दोरी, मग वर कुठंतरी गाठ सुटणार, पाकळ्या खाली येणार, आणि ओळीत उभी तेजस्वी मान वर करून बघणार. छातीतली ती जुनी उभी वस्तू पुन्हा भरत आली होती. का नको, असं तिला वाटलं. कुणाचं काय जातंय. ज्यांनी फ्लेक्स उतरवला ते कुठं इथं येणार आहेत. शेडमध्ये केशरी पट्ट्या ओळीनं वाळत होत्या आणि तिला त्यांचा वास पहिल्यांदाच चांगला वाटला.

मग वर्गशिक्षिकेचा पुन्हा फोन. सूत्रसंचालनाला माहिती पाहिजे होती. "त्यांच्या शौर्याबद्दल चार ओळी सांगाल का? म्हणजे कुठं होते, चकमक कशी झाली, असं." स्नेहल म्हणाली, उद्या सांगते. त्या दुपारी खिळे उपटता उपटता तिनं खरंच चार ओळी जुळवायला घेतल्या. डोंगर घेतला, बर्फ घेतलं, रात्र घेतली. जोतीरामला पळवलं, आडोशाला बसवलं, गोळ्या झाडायला लावल्या, सोबत्याला वाचवायला लावलं, मग पाडलं. सगळं सोपं गेलं, टीव्हीवर असतं तसं. पण पडलेल्या माणसाचा चेहरा वळवून बघितला तर तो जोतीराम नव्हता. कुणीतरी रुंद छातीचा, गोरा, न दमणारा माणूस होता तो. त्याला दुपारी झोप येत नव्हती, त्यानं दावण बांधली नव्हती, त्याच्या मिशीत पाणी अडकलं नव्हतं. आणि तो जितका ठळक होत गेला तितका घाटाच्या कठड्याला टेकलेला तो दुसरा, खरा, धुक्यात मागं मागं जाऊ लागला. तिला भीती वाटली. हे चार ओळींचं काम पुरं झालं तर तो पुन्हा एकदा मरेल आणि या वेळी मारणारी ती असेल, असं काहीतरी तिला वाटलं, स्पष्ट शब्दांत नाही. पकड हातातून सुटून पायावर पडली. अंगठा सुजला, तशीच लंगडत ती शाळेत गेली.

मोठ्या बाईंच्या खोलीत पंखा संथ फिरत होता. त्यांनी उठून तिला खुर्ची दिली. स्नेहल म्हणाली, "बाई, झेंड्याला मी नको. माझ्या मिस्टरांना तो मान मिळालेला न्हाई." मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर माया आली. "म्हणजे काहीच नाही मिळालं? अहो, मग आपण पाठपुरावा करू. माझे मेहुणे कलेक्टर ऑफिसात आहेत. तुमच्यासारख्या बायकांना कुणी सांगणारं नसतं, त्यामुळं राहून जातं." त्या खरोखर मनापासून बोलत होत्या, वही ओढून नंबर लिहायलाही लागल्या. "तसं न्हाई बाई," स्नेहल म्हणाली. आता ते वाक्य म्हणायचं होतं. आठ वर्षांत ते तिनं कधी उच्चारलं नव्हतं, लोकच ते तिच्याभोवती न उच्चारता फिरत होते, आणि तिला अंदाज नव्हता की ते तोंडात इतकं लहान असेल. "त्यांनी सोताचा जीव सोताच घेतला." मोठ्या बाईंचं पेन थांबलं. शिपाई चहा घेऊन आला, दोन कप ठेवून गेला. "बरं केलंत सांगितलंत," बाई कप पुढं सरकवत म्हणाल्या. "आपण पाहुणे दुसरे बघू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." स्नेहल उठली तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. "तेजस्वीला तेवढं तुम्ही सांगा. मुलं बोलतात हो."

तिथून ती घरी न जाता दुकानात गेली आणि तोंडाला आलेलं आहे तोवरच मैथिलीताईंनाही सांगून टाकलं. दुसऱ्यांदा ते आणखी लहान झालं होतं. मैथिलीताई काउंटरच्या मागं खाली बसल्या. "अगं बाई," असं म्हणाल्या. मग, "पहिला लॉट तर गेला की गं. कार्डासकट." आणि मग तिच्याकडं न बघता, "कुणाला कळणार आहे म्हणा." बोलून गेल्यावर त्यांची त्यांनाच शरम वाटली असावी, कारण त्यांनी घाईनं तिचा हात धरला. "तू नको वाईट वाटून घेऊस. आपण बदलू. 'सैनिकपत्नी' लिहू. ते तर खरंय ना?" स्नेहल म्हणाली, "खरंय." "झालं तर मग. आणि एखादा वर्दीतला फोटो असला तर कार्डावर लहानसा..." त्या थांबल्या. "बघ म्हणजे. तुला वाटलं तर." दुसऱ्या दिवशी चहा कपबशीतूनच आला. फळ्या होत्या, रंग होते, ऑर्डरी होत्या. आपण सांगितलं की काहीतरी मोठं कोसळेल, असं तिला आठ वर्षं वाटत आलं होतं. कोसळलं काहीच नाही, एक शब्द काढून तिथं दुसरा ठेवला गेला, फळी बदलावी तसा. याचीच तिला धडकी भरली.

राहिली तेजस्वी. तिला कसं सांगायचं याची जुळवाजुळव करायला वेळच मिळाला नाही, कारण त्या संध्याकाळी पोरगी दप्तर न उतरवता दारात उभी राहिली. "झेंड्याला कुणीतरी दुसरेच साहेब येणार हाईत म्हणे. मी सगळ्यांना सांगितलंवतं. का मम्मी?" स्नेहल मेथी निवडत होती. तिनं देठ मोडत मोडतच सांगितलं, पप्पा लढाईत गेले नाहीत, कुणी त्यांना मारलं नाही, त्यांच्या मनाला काहीतरी झालं होतं, ते कुणाला दिसलं नाही, मलापण नाही, आणि त्यांनी आपल्या हातानं जीव दिला. "खोटं बोलतीयस," तेजस्वी म्हणाली. "न्हाई." पोरगी बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं ते उजळलेलं विझताना स्नेहलला स्पष्ट दिसलं, एकदम नव्हे, ओल्या सरपणासारखं, धुमसत. तिनं कंपासपेटी उघडली, कार्ड काढून कट्ट्यावर ठेवलं, फाडलं नाही, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. पंधरा ऑगस्टला इस्त्रीचा युनिफॉर्म घालून शाळेत गेली, संचलन करून आली, दिलेलं जिलबीचं पुडकं न उघडता आईच्या हातात दिलं. ती जेवत होती, अभ्यास करत होती, विचारलं तर उत्तर देत होती. पण खोलीत दोघींच्या मध्ये आता एक अंतर होतं आणि त्यातून आवाज पलीकडं जाईना. मग एक दिवस स्नेहल अंघोळ करून आली तर तेजस्वी तिच्या फोनवर बोलत होती. "आबा, मला न्यायला या. मला तिकडं यायचंय."

तिचे आजोबा ज्ञानू सकाळच्या एसटीनं आले. शाळेला गणपतीची सुट्टी लागत होती, तेवढं निमित्त होतं. खोलीला कुलूप बघून ते विचारत विचारत दुकानात आले आणि शेडच्या दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले, बरोबर नाचणीच्या पिठाची पिशवी. वयानं नव्हे, कशानं तरी उंचीच कमी झाल्यासारखे. भिंतीला टेकून वाळत ठेवलेल्या तीन रंगांच्या फळ्या त्यांनी एक एक करून बघितल्या, एकीवर बोट फिरवलं. "हे असलं करतीस व्हय. पेटीचं लाकूड हाय. पावसात टिकायचं न्हाई." "घरातच लावत्यात आबा," स्नेहल म्हणाली. "मग टिकंल," ते म्हणाले आणि एका रिकाम्या पेटीवर बसले. पिठाची पिशवी पायाशी ठेवत म्हणाले, "पोरीला मी फोनवर सांगितलं. म्हणलं, तुझा बा शहीदच हाय, तुझी आई कायबी बोलती." स्नेहलनं हातातली पकड खाली ठेवली. "तिला पटलं न्हाई. गप बसली नुसती. मी खोटं बोलतोय हे कळलं तिला." त्यांनी टोपीची घडी घातली, उलगडली. "त्योबी असाच गप हुयाचा."

"मी चुकलो का आबा?" स्नेहलनं विचारलं. हे विचारायला तिला दुसरं माणूसच नव्हतं.

"मला काय इचारतीस," ज्ञानू म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आठ वरसं मी गावातनं मान खाली घालून चालतोय आन घरात त्याच्या फोटूला रोज फूल घालतोय. त्यातलं बरोबर कंचं, मला अजून कळल्यालं न्हाई. तू सांगितलंस. मी मरूस्तोवर सांगितलं नसतं. एवढाच फरक." मग ते उठले. "दिवाळीपतोर ठेवून घीन म्हणतो. तितल्या शाळंत बसंल. राहू दे जरा, तिला वाटतंय तर." आणि दिवाळीनंतर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. मोठ्या बाईंनी दाखल्याचे कागद चटकन करून दिले. जरा जास्तच चटकन, असं तिला वाटून गेलं.

वाडीकडं जायला गडहिंग्लजची गाडी लागली होती. ज्ञानूंनी टॉवेल टाकून खिडकीची जागा धरली आणि पोरीला आत बसवलं. स्टँडवर डिझेलचा, भिजल्या कपड्यांचा, शेंगदाण्यांचा वास. स्नेहल खिडकीखाली उभी होती. तिनं पाण्याची बाटली दिली, स्वेटर दिला, तिकडं रात्री गार पडतं म्हणाली, आबांना त्रास देऊ नको म्हणाली. तेजस्वी सगळ्याला मान हलवत होती आणि समोरच्या सीटच्या पाठीवरचं फाटलेलं रेक्झिन बोटानं आणखी फाडत होती. इंजिन सुरू झालं, सगळी गाडी थरथरू लागली, खिडकीची काच खडखडू लागली.

"मम्मी."

"काय गं?"

"मी केवढी होतो तेव्हा?"

"तीन वर्षांची."

"त्यांनी मला बघितलंवतं?"

"बघितलंवतं म्हंजे?" स्नेहल म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी द्यायला काहीतरी सापडलं म्हणून तिचा आवाज घाईचा, जवळजवळ आनंदाचा झाला. "शेवटच्या सुट्टीत महिनाभर तुला खाली ठेवलं न्हाई त्यांनी. दुपारी पोटावर घेऊन झोपायचे. तू त्यांच्या मिशा ओढायचीस आणि ते तुझी बोटं दातांत धरायचे, लटकंच. तुला घेऊन ओढ्यावर जायचे म्हशी बघायला. माझ्याकडं द्यायचेच न्हाईत. लई जीव होता तुझ्यावर."

तेजस्वीनं ते सगळं ऐकून घेतलं. एक शब्दही सोडला नाही, हे तिच्या तोंडाकडं बघून कळत होतं. मग तिनं पहिल्यांदाच आईकडं सरळ बघितलं.

"मग तरी?"

कंडक्टरनं घंटी ओढली. गाडी हलली. स्नेहलनं खिडकीच्या गजाला हात लावला आणि ती गाडीबरोबर चालू लागली, दोन पावलं, चार पावलं, तोंड उघडून, काहीतरी आता येईलच अशा बेतानं. गज बोटांतून निसटला. तेजस्वी अजून बघत होती, उत्तरासाठी थांबल्यासारखी, मग गाडी फाटकाकडं वळली आणि खिडकी दिसेनाशी झाली. स्नेहल त्या मोकळ्या जागेत उभी राहिली. दुसरी गाडी मागं मागं येत होती, कुणीतरी पत्र्यावर थापा मारत होतं. "ओ ताई, बाजूला व्हा की, गाडी लागतीया," असं दोनदा म्हटल्यावर ती बाजूला झाली.